परत आलेले रक्त आणि पांढऱ्या पेशी

शरीराच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर तो भाग काही काळाने मरतो, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुटलेला पुरवठा पुन्हा सुरू केला की सारे पूर्ववत् व्हावे, असे साहजिकच कोणालाही वाटेल. परंतु निसर्गाचा हिशेब इतका सरळ नाही. उपासमार झालेल्या ऊतींत रक्त परत येते तेव्हा ते प्राणवायू आणते, पोषण आणते, आणि त्यांच्या जोडीने काही नवी हानीही आणते. या हानीत ज्यांचा हात असतो, त्या शरीरावर चालून आलेल्या परक्या शक्ती नव्हेत. शरीराच्या रक्षक म्हणून नावाजलेल्या पांढऱ्या पेशीच त्या होत. रक्षकांवर हा आरोप कसा आला, तो कितपत शाबीत झाला, आणि त्यांना जेरबंद करावयास निघालेल्या वैद्यकाला अखेर कोणता धडा मिळाला, याचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे.

त्याचा आरंभ बर्लिन येथे होतो. रूडोल्फ फिर्खो या थोर विकृतिशास्त्रज्ञाच्या संस्थेत युलिउस कोनहाइम हा तरुण संशोधक काम करीत होता. जखमेतील पुवाच्या पेशी जागच्या जागीच निर्माण होतात, असे गुरूचे मत होते. कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासन् तास निरीक्षण केले. प्रवाहाच्या मध्यातून धावणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू काठाला लागतात, वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात, हे त्यांनी पाहिले. इंग्लंडमधील ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ साली असेच दृश्य नोंदविले होते. पण ते विस्मृतीत गेले होते. १८६७ साली कोनहाइम यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि पू हा रक्तातूनच येतो, हे सिद्ध झाले.

पुढील काही वर्षांत कोनहाइम यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. सशाच्या कानाच्या मुळाशी बंध आवळून त्यांनी तेथील रक्तप्रवाह थांबविला आणि निरनिराळ्या मुदतींनंतर बंध सोडला. बंध लौकर सोडला तर कान क्षणभर लाल होई आणि पुन्हा नेहमीसारखा दिसू लागे. अधिक उशीर झाला तर रक्त आत शिरताच कान सुजू लागे, आणि पांढऱ्या पेशी वाहिन्यांबाहेर पडू लागत. फारच उशीर झाला तर कान मरून जाई. रक्ताच्या अभावाने वाहिन्यांच्या भिंतींतच काही बिघाड होतो आणि म्हणून परतलेल्या रक्ताला त्या पूर्वीसारखे आवरू शकत नाहीत, असा निष्कर्ष कोनहाइम यांनी काढला. आज ज्या प्रश्नावर शेकडो प्रयोगशाळा खपत आहेत, त्याची पहिली स्पष्ट मांडणी या सशाच्या कानावर झाली होती. तिचे महत्त्व ओळखावयास मात्र पुढची पाऊणशे वर्षे जावी लागली.

दरम्यान पांढऱ्या पेशींना मोठीच प्रतिष्ठा लाभली. १८८२ साली सिसिली बेटावरील मेस्सिना येथे एली मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या पदार्थाला वेढून गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई होत, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या मेच्निकॉफांचे एक शिष्य महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. १८९६ साली प्लेगने हाहाकार उडविला असता मुंबईस येऊन प्रतिबंधक लस सिद्ध करणारे वाल्डेमार हाफकिन, ज्यांचे नाव परळच्या संस्थेला दिले गेले, ते ओडेसा येथे मेच्निकॉफांपाशीच शिकले होते.

शिपाई म्हणून ख्याती झाल्यावर पांढऱ्या पेशींच्या वागणुकीबद्दल संशय घेण्याचे कोणाला कारण उरले नाही. हृदयविकाराने मेलेल्या माणसाच्या हृदयाचा छेद घेतला की मृत स्नायूत पांढऱ्या पेशींची दाटी दिसे. स्नायू अगोदर मेला आणि मग या पेशी तेथील केर काढावयास आल्या, असाच त्याचा अर्थ लावला जाई. घटनास्थळी हजर असलेला शिपाई हा गुन्हेगारही असू शकेल, ही कल्पना कोणाच्या मनाला शिवली नाही.

रक्त परत येणे हेच कधी कधी संकट ठरते, याचा दारुण प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला आणि कोसळलेल्या घरांखालून माणसे काढली जाऊ लागली. कित्येकांचे हात किंवा पाय तासन् तास तुळयांखाली चिरडून पडलेले असत. सुटका होताना अशी माणसे बरी दिसत, बोलत. पण लौकरच दबलेला अवयव फुगू लागे, रक्तदाब खाली येई, आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये, अवयवावरचा भार हटताच, परतलेल्या रक्ताबरोबर सर्व शरीरभर पसरतात, हे त्यातून उमगले. सुटकेचा क्षण हाच नव्या धोक्याचाही क्षण असतो, हा विचार येथे प्रथम वैद्यांच्या मनात ठसला.

हृदयाच्या बाबतीत तो विचार अमेरिकेत रुजला. रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्याच्या हृदयाची एक रोहिणी काही वेळ बांधून मग मोकळी केली. १९६० साली त्यांनी नोंदविले की, रोहिणी कायमची बांधून ठेवली असता पेशीनाशाची जी चिन्हे स्नायूत चोवीस तासांनी दिसतात, ती रक्त परत सोडल्यावर अर्ध्या-एका तासातच दिसू लागतात. मात्र या निरीक्षणाचे दोन अर्थ संभवत होते. अगोदरच मेलेल्या पेशींचा मृत्यू परतलेले रक्त केवळ उघडकीस आणीत होते, किंवा ज्या पेशी जगू शकल्या असत्या त्यांनाही ते मारीत होते. या दोन अर्थांमधील वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

त्या काळी हा वाद प्रयोगशाळेपुरताच होता, कारण माणसाच्या हृदयातील बंद पडलेली रोहिणी उघडण्याचे साधनच वैद्यांच्या हाती नव्हते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला विश्रांती द्यावी, वेदना शमवावी आणि वाट पाहावी, एवढेच ते करू शकत. पुढील पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची अरुंद झालेली रोहिणी रुंद करून दाखविली. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाचा मोठा पडताळा इटलीत घेण्यात आला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ११,८०० रुग्ण होते. तीन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत १३ टक्के होते, ते औषधाने १०.७ टक्क्यांवर आले, आणि पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत तर ते जवळजवळ निम्म्यावर उतरले. आता रक्त परत आणणे नित्याचे झाले आणि त्यासोबत येणाऱ्या हानीचा प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी येऊन ठेपला.

ही हानी घडते कशी, याचे उत्तर तोवर तुकड्यातुकड्याने जमू लागले होते. १९७३ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड हर्स यांनी उंदराच्या, शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या हृदयाचा प्राणवायू तोडला आणि पुन्हा दिला. प्राणवायू परतताच हृदयातील विकरे भसाभस बाहेर पडू लागली; म्हणजे पेशींची आवरणे फाटली होती. ज्याच्या अभावी पेशी मरणपंथाला लागते, त्याच्या आगमनानेच ती फुटावी, हा विरोधाभासच म्हणावयाचा. त्याची एक किल्ली १९६९ साली जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना सापडली होती. एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला उग्र प्राणवायू, ज्याला सुपरऑक्साइड म्हणतात, तो शरीरात सतत निर्माण होतो आणि त्याचे शमन करणारे एक विकरही शरीरात असते, हा त्यांचा शोध. १९८१ साली नील ग्रेंजर, मॅककॉर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, हे शामक विकर दिले असता रक्त तुटून परत आल्यावरची इजा कमी होते.

परंतु सुपरऑक्साइड बनविण्यात सर्वांत तरबेज कोण? १९७३ सालीच बर्नार्ड बेबियर यांनी दाखवून दिले होते की, जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी हेच द्रव्य निर्माण करतात. त्याआधी १९७१ साली हिल आणि वॉर्ड यांनी, उंदराच्या मरू लागलेल्या हृदयस्नायूत रक्तद्रवातील एका प्रथिनाचे तुकडे होतात आणि तेच पांढऱ्या पेशींना आवतण देतात, असे सिद्ध केले होते. पांढऱ्या पेशींतील संख्येने सर्वाधिक असलेल्या न्यूट्रोफिल जातीवर आता संशय केंद्रित झाला.

अखेर १९८३ साली मिशिगन विद्यापीठात थेट परीक्षा झाली. रॉमसन, बेनेडिक्ट लुकेसी आणि त्यांचे सहकारी यांनी काही कुत्र्यांच्या रक्तातील न्यूट्रोफिल एका विशिष्ट रक्तजलाने अगोदरच घटविले आणि मग हृदयाची रोहिणी दीड तास बांधून मोकळी केली. ज्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल पुरेसे होते त्यांच्यापेक्षा या कुत्र्यांच्या हृदयाचा मृत भाग बराच लहान निघाला. केर काढावयास आलेले शिपाई जिवंत घरेही पाडीत होते! त्याच वर्षी एंग्लर, श्मिड-शोनबाइन आणि त्यांचे सहकारी यांनी दुसरी करामत उघड केली. तांबडी पेशी लवचीक असल्यामुळे बारीकशा केशवाहिनीतून वाकून जाते. पांढरी पेशी मोठी आणि ताठर असल्यामुळे तेथे बुचासारखी अडकून बसते. म्हणजे मोठी रोहिणी उघडली तरी शेवटच्या गल्लीबोळांतील प्रवाह खुंटलेलाच राहतो.

एव्हाना साऱ्या घटनाक्रमाचे चित्र स्पष्ट झाले होते. निरोगी वाहिनीचा आतील थर गुळगुळीत असतो. रक्ताविना राहिल्यावर आणि रक्त परतल्यावर तोच थर चिकट रेणू बाहेर काढतो. न्यूट्रोफिल त्यांवर घसरत घसरत मंदावतात, आपल्या अंगच्या इंटेग्रिन नावाच्या आकड्यांनी घट्ट धरून बसतात आणि भिंतीतून पलीकडे जातात. तेथे ते सुपरऑक्साइड सोडतात, प्रथिने विरघळविणारी विकरे सोडतात, कपडे शुभ्र करणाऱ्या द्रावणात असते त्या जातीचे उग्र आम्लही सोडतात. ही सारी शस्त्रे जंतूंसाठी घडविलेली. पण जंतू नसलेल्या रणांगणावर ती आपल्याच ऊतींवर चालतात.

हे आकडेच झाकून टाकले तर? त्या काळी नव्यानेच हाती आलेल्या एकविध प्रतिपिंडांनी ही युक्ती साध्य झाली. १९९० साली निकोलस वेडर आणि त्यांचे सहकारी यांनी इंटेग्रिनला झाकणारे प्रतिपिंड सशाला देऊन पाहिले, आणि परीक्षेसाठी निवडला तोही सशाचा कानच. रक्त परत सोडल्यानंतर येणारी सूज आणि ऊतींचा नाश या प्रतिपिंडाने कमी झाला. रक्त परत सोडतेवेळी ते दिले तरी गुण आला. कोनहाइमच्या प्रयोगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, त्याच अवयवावर, त्याच हानीला आवर घालण्यात यश आले. माणसांसाठी औषध आता हाताच्या अंतरावर आहे, असे अनेकांना वाटले.

ती आशा फोल ठरली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात हृदयविकाराच्या ३९४ रुग्णांना गुठळी विरघळविणाऱ्या औषधाबरोबर इंटेग्रिनविरोधी प्रतिपिंड अथवा निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. प्रतिपिंडाने रक्तप्रवाह सुधारला नाही, मृत भागही घटला नाही. २००२ साली, फुग्याने रोहिणी उघडलेल्या ४२० रुग्णांत तोच अनुभव आला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झालेल्या ६२५ रुग्णांवरील परीक्षणाचा निकाल तर धक्कादायक होता. वाहिनीच्या भिंतीवरील चिकट रेणू झाकणारे प्रतिपिंड ज्यांना मिळाले, त्यांच्यापैकी २२.२ टक्के तीन महिन्यांत दगावले. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यातील प्रमाण १६.२ टक्के होते. प्रतिपिंड घेतलेल्यांत ताप आणि जंतुसंसर्गही अधिक आढळला. ते प्रतिपिंड उंदरापासून बनविलेले असल्यामुळे मानवी शरीरात त्यानेच दाह चेतविला असावा, असेही मत पुढे आले.

अपयशाची कारणे शोधू लागल्यावर काही जुने इशारे आठवले. मिशिगनच्याच संशोधकांनी १९८६ साली दाखविले होते की, रोहिणी दीड तास बांधली असता न्यूट्रोफिल घटविण्याचा उपयोग होतो. पण ती चार तास बांधून ठेवली तर होत नाही, कारण तोवर वाचविण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. प्रयोगातील प्राणी तरुण आणि निरोगी असतात, रोहिणी कधी बंद झाली याची वेळ मिनिटावर ठाऊक असते. रुग्णाच्या वाहिन्या मात्र वर्षानुवर्षे कडक होत आलेल्या असतात आणि तो रुग्णालयात पोहोचतो तो घटका उलटून गेल्यावर.

दुसरा इशारा अधिक गंभीर होता. १९७६ साली, दाह दडपणारे स्टेरॉइड जातीचे औषध हृदयविकाराच्या रुग्णांना वारंवार दिल्याने मृत भाग वाढल्याचे आढळले होते. १९८० च्या दशकात, ज्यांच्या पांढऱ्या पेशींवर इंटेग्रिनचे आकडे जन्मतःच नसतात अशा बालकांच्या रोगाचे मूळ उलगडले होते. त्यांची नाळ गळून पडावयास विलंब लागतो, जखमेत पू होत नाही, पण जखम भरतही नाही, आणि जंतू शरीरभर पसरतात. रक्षकांना कायमचे बांधून ठेवले तर काय होते, याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले होते.

त्यानंतरच्या संशोधनाने प्रश्नाचे रूपच बदलले. २००७ साली बॉस्टन येथे माथियास नारेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या इजा झालेल्या हृदयात येणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा मागोवा घेतला. पहिल्या काही दिवसांत येणारी तुकडी तीव्र स्वभावाची असते. ती मेलेला भाग पचवून जागा साफ करते. तिच्यामागून येणारी तुकडी सौम्य असते. ती नव्या वाहिन्यांना आणि चिवट व्रणतंतूंना चालना देते. पहिली तुकडी नसेल तर केर साचून राहतो, दुसरी नसेल तर भिंत भक्कम होत नाही. २००९ साली तर असे दिसून आले की, या पेशींचा मोठा राखीव साठा प्लीहेत असतो आणि हृदयाला इजा होताच तो तेथून निघतो. ज्यांच्यावर मूळ आरोप होता, त्या न्यूट्रोफिलांचीही बाजू २०१७ साली समोर आली. इजेनंतर उंदरांच्या शरीरातून ते काढून टाकले असता हृदयाचे कार्य सुधारण्याऐवजी बिघडले. कारण केर गिळणाऱ्या महाभक्षक पेशींना डागडुजीच्या कामाला लावणारे संकेत न्यूट्रोफिलच देत होते.

म्हणजे एकच पेशी पहिल्या तासांत घातक, नंतरच्या दिवसांत उपकारक! रक्षक दोषी की निर्दोष, हा प्रश्नच अपुरा होता. कोणती पेशी, कोणत्या वेळी, किती प्रमाणात, असे विचारावयास हवे होते.

रक्षकांना न बांधता त्यांचा आवेश कमी करण्याचेही प्रयत्न झाले. दीर्घ उपवासानंतर पंचपक्वान्नांचे ताट पुढे न करता आधी पेज द्यावी, हा आपल्या घरोघरचा शहाणपणा. त्याच धर्तीवर झाओ, विंटेन-योहान्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली कुत्र्यांच्या हृदयात रक्त एकदम न सोडता, अर्धा मिनिट सोडणे आणि अर्धा मिनिट थांबविणे असे तीन वेळा करून मग प्रवाह मोकळा केला. मृत भाग लहान झाला आणि न्यूट्रोफिलांची गर्दीही घटली. याच्याशी नाते असलेली, दंडाला पट्टा आवळून सोडण्याची पद्धत युरोपात ५,४०१ रुग्णांवर वापरून पाहण्यात आली. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे वर्षभरानंतर तिचा लाभ दिसून आला नाही. प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांमधील दरी येथेही भरून निघाली नाही.

या साऱ्या इतिहासातून एक चुकीचा अर्थ काढला जाण्याची भीती असते. परतलेले रक्त हानी करते, तर ते परत न आणलेलेच बरे, असा तो अर्थ. तो सर्वस्वी त्याज्य होय. रक्त परतल्याने होणारी इजा ही केवळ वाचलेल्या भागावरची कर-आकारणी आहे. रक्त परतलेच नाही तर मुद्दलच बुडते. इटलीतील रुग्णांनी दाखविल्याप्रमाणे पहिल्या तासाचे मोल सर्वांत अधिक आहे. शिवाय रक्ताविना गेलेला काळ जितका थोडा, तितकी पांढऱ्या पेशींची आगळीकही थोडी. कोनहाइमच्या सशाचा कान हेच सांगत होता. छातीत कळ आली असता सकाळपर्यंत वाट पाहणारा माणूस दोन्ही बाजूंनी तोटा सोसतो.

रक्षकांची शस्त्रे नेमक्या घटकेपुरती म्यान करणारे आणि डागडुजीच्या वेळी त्यांना मोकळे सोडणारे औषध अजून रुग्णाच्या हाती आलेले नाही. ते येईल तेव्हा येईल. तोवर वैद्यकाला गवसलेले सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे वेळेवर केलेली धावपळ हेच होय. आणि त्याची पहिली जबाबदारी वैद्यावर नसून, दुखण्याची चाहूल लागताच रुग्णाला तडक रुग्णालयात नेणाऱ्या घरच्या माणसांवर आहे.